काचेच्या पेटींतील मासे आणि नळाचें पाणी

रंगीत मासे पाळण्याचा छंद आतां मुंबई-पुण्यापुरता राहिलेला नाहीं. आमच्या पाटणसारख्या केरा-कोयनेच्या संगमावरील लहान गांवींहि दिवाणखान्यांत माशांची काचपेटी आढळते. या छंदांत एक तक्रार वारंवार कानीं येते. रविवारीं पेटी घांसूनपुसून लख्ख करावी, नळाचें ताजें पाणी भरावें, आणि बुधवारपर्यंत मासे एकामागून एक मरावेत. इतकी स्वच्छता राखूनहि असें कां व्हावें?

माशांच्या कल्ल्यांतून व विष्ठेंतून अमोनिया पाण्यांत उतरतो. तो त्यांना विषारी असतो. नदींत तो वाहून जातो. शिवाय कोयनेंतील दगडांवर जो बुळबुळीत थर हाताला लागतो, त्यांतील सूक्ष्म जंतु त्याचा निकाल लावतात. पेटींतहि असेच जंतु वाळू, खडे व गाळणीचा स्पंज यांवर वस्ती करून राहतात. त्यांतील एक प्रकार अमोनियापासून नायट्राइट बनवितो. नायट्राइटहि घातकच, परंतु दुसरा प्रकार त्याचा नायट्रेट करितो, व तो थोड्या प्रमाणांत माशांना बाधत नाहीं. रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राड्स्की यांनीं १८९० च्या सुमारास हें दुहेरी कार्य उघडकीस आणलें.

आतां नळाकडे वळूं. ग्रामपंचायती पाण्याच्या टाकींत जी टी. सी. एल. पावडर टाकतात, ती ब्लीचिंग पावडरच होय. नळापर्यंत पोंचलेल्या पाण्यांत लिटरमागें निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा, असें भारतीय मानक सांगतें. पटकी व विषमज्वर यांपासून तो आपलें रक्षण करितो. परंतु क्लोरीनला शत्रु-मित्र ओळखतां येत नाहींत. माशांचे नाजुक कल्ले तो भाजतो आणि उपकारक जंतूंनाहि मारतो.

येथें एक बारकावा ध्यानांत घ्यावा. हे जंतु पाण्यांत फारसे तरंगत नाहींत, थरांत चिकटून असतात. म्हणून थोडें पाणी बदलल्यानें त्यांतील बरेच बचावतात. मोठा घात होतो तो स्पंज व खडे नळाच्या धारेखालीं धुतल्यानें. आपल्या आंतड्यांतील एक सामान्य जंतु अनुकूल स्थितींत वीस मिनिटांत दुप्पट होतो. या जंतूंना त्याकरितां सुमारें एक दिवस लागतो. नवी वस्ती नीट बसण्यास चार ते सहा आठवडे जातात. तोंवर अमोनिया सांचत राहतो, आणि मासे दगावतात.

उपाय सोपे आहेत. पाणी रुंद तोंडाच्या बादलींत एक दिवस उघडें ठेवावें. क्लोरीन बहुतेक उडून जातो. घाई असेल तर माशांच्या दुकानांत मिळणारें हायपोचें औषध सांगितलेल्या प्रमाणांत घालावें. अमेरिकेंतील पुष्कळ शहरीं मात्र क्लोरीनऐवजीं क्लोरामाइन वापरतात. तें असें उडून जात नाहीं, म्हणून तेथें राहणाऱ्या आपल्या आप्तांनीं औषधच वापरावें. एका वेळीं चतुर्थांशच पाणी बदलावें. स्पंज पेटींतून काढलेल्या पाण्यांतच हलकेच पिळावा. नवी पेटी मांडतांना निरोगी जुन्या पेटींतील मूठभर खडे घालावेत. तें विरजणासारखें काम करितें.

पाण्यांत क्लोरीन कमी घाला, असें मात्र ग्रामपंचायतीस कोणीं सांगूं नये, पावसाळ्यांत तर नाहींच. मुलांच्या हातीं माशांची पेटी देतांना आदल्या दिवशीं बादली भरून ठेवण्याची संवय त्यांना लावावी, म्हणजे झालें.