आसारी धरणारा माणूस

दुखापतीने बूट काढायला लावले, नोकरीवरून काढलं गेलं, 'तात्पुरता' म्हणून खुर्चीत बसवलं गेलं. तरीही खालिद जमील भारतीय फुटबॉल टीमच्या हेड कोचपदापर्यंत पोचला. तुमच्या-आमच्या ऑफिसातल्या करिअरशी या गोष्टीचं बरंच नातं आहे!

संक्रांतीला कधीतरी येवल्यात या. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस अख्खं गाव गच्चीवर असतं. सगळ्यांच्या माना वर, नजर पतंगावर. पतंग उडवणाऱ्याचं गल्लीभर नाव होतं. त्याच्या मागे आसारी धरून एक जण उभा असतो, त्याच्याकडे कुणी बघत नाही. आसारी म्हणजे आमच्याकडची मांजा गुंडाळायची फिरकी. कधी ढील द्यायची, कधी गुंडाळायचं, हे त्याला न सांगता कळावं लागतं. आमच्या घरी पतंग दादाचा आणि आसारी माझी. दुसऱ्याचा पतंग कापला की शाबासकी दादाला, आमचा कापला गेला की बोलणी मला!

ऑफिसात नुकतंच टीम लीडर झालेल्या कुणालाही हे लगेच पटेल. फुटबॉलमध्ये हेच काम कोच करतो. आणि महाराष्ट्रात हे काम सगळ्यात जास्त चिवटपणे कुणी केलं असेल, तर ते खालिद जमीलने.

तिशीतच ब्रेक

खालिदचा जन्म 1977 चा, कुवेतमधला. फुटबॉलचं करिअर मात्र घडलं मुंबईत. महिंद्र युनायटेड, एअर इंडिया अशा टीम्सकडून तो मिडफिल्डमध्ये खेळला, भारताचा निळा टी-शर्टही त्याने घातला. पण दुखापतींनी पिच्छा सोडला नाही. 2005-06 मध्ये महिंद्र युनायटेडने नॅशनल फुटबॉल लीग जिंकली, तेव्हा त्या टीमचे कोच होते गोव्याचे डेरिक परेरा. तेही आधी खेळाडू आणि मग कोच झालेले.

2007 मध्ये मुंबई एफसी नावाचा नवा क्लब निघाला आणि खालिद तिथे गेला. सुरुवात खालच्या पायरीवरून, म्हणजे सेकंड डिव्हिजनमधून. 2008 मध्ये क्लबने ती जिंकली आणि आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च लीगमध्ये प्रवेश मिळवला. पुढच्याच वर्षी खालिद खेळायचा थांबला. क्लबने त्याला तिथल्या तिथे कोच केलं. वय अवघं 32. काल ज्यांच्याबरोबर ड्रेसिंग रूममध्ये गप्पा मारल्या, त्यांनाच आज बाकावर बसवायचं. नव्या टीम लीडरला विचारा, यापेक्षा अवघड काम कुठलं!

सात वर्षं पाण्यावर डोकं

पैसा बेताचा, मोठे स्टार नाहीत. कूपरेजचं काम चालू होतं तेव्हा तर मुंबईच्या या टीमला काही मोसम 'घरच्या' मॅचेस पुण्यात बालेवाडीला खेळाव्या लागल्या. अशा टीमचं टार्गेट ट्रॉफी नसतं. खालच्या डिव्हिजनमध्ये घसरायचं नाही, एवढंच. त्यासाठी खालिदने साधा फॉर्म्युला धरला. आधी गोल होऊ द्यायचा नाही, मग लांब पास, फ्री-किक, कॉर्नर यातून संधी शोधायची.

'बोअर फुटबॉल' म्हणून लोकांनी नाकं मुरडली. पण सात वर्षं खालिद होता आणि सात वर्षं मुंबई एफसी घसरली नाही. अडचण अशी की, न घडलेल्या अपघाताचं क्रेडिट अप्रेझलमध्ये कुणी देत नाही. 2016 मध्ये क्लबने त्याला निरोप दिला.

डोंगरातला चमत्कार

मग फोन आला थेट मिझोराममधून. आयझॉल एफसी हा क्लब नुकताच आय-लीगमधून खाली घसरला होता. पण गोव्याच्या क्लब्जनी लीगमधून अंग काढून घेतलं आणि आयझॉलला परत जागा मिळाली. अनोळखी गाव, छोटं बजेट. खालिद गेला. बरोबर मुंबई एफसीतले जयेश राणे आणि आशुतोष मेहता हेही आले.

आणि फॉर्म्युला तोच! फक्त इथे जोडीला पळणारी, न थकणारी मिझो पोरं होती. 22 एप्रिल 2017 ला आयझॉलने बलाढ्य मोहन बागानला घरच्या मैदानावर 1-0 असं हरवलं. 30 एप्रिलला शिलाँगमध्ये लाजाँगशी 1-1 अशी बरोबरी झाली आणि आयझॉल चॅम्पियन! 37 पॉइंट्स, मोहन बागानपेक्षा फक्त एक जास्त. ईशान्येतल्या क्लबने पहिल्यांदाच हा किताब जिंकला. आदल्या वर्षी इंग्लंडमध्ये लेस्टर सिटीने केलेल्या चमत्काराशी लोकांनी त्याची तुलना केली.

आणि मुंबई एफसी? त्याच मोसमात टेबलच्या तळाला राहून घसरली. नंतर क्लबच बंद पडला. सात वर्षं आसारी कोण धरून होतं, ते तेव्हा कळलं.

'तात्पुरता' साहेब

इथून पुढे सगळं सोप्पं झालं असेल ना? छे! ईस्ट बंगालला गेला, एका मोसमात बाहेर. मोहन बागानमध्येही फार काळ टिकला नाही. इंडियन सुपर लीगमध्ये तर क्लब्ज हेड कोच म्हणून परदेशी माणूसच आणायचे. आपल्या माणसाला असिस्टंटची खुर्ची. जानेवारी 2021 मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडने परदेशी कोचला काढलं आणि उरलेल्या मोसमापुरता चार्ज खालिदकडे दिला. त्याने टीमला सेमीफायनलपर्यंत नेलं. लीगच्या प्लेऑफमध्ये टीम नेणारा तो पहिला भारतीय कोच. मग कुठे 'तात्पुरता' हा शिक्का पुसला गेला. गंमत म्हणजे, कायम झाल्यावरच्या मोसमात तीच टीम 11 मध्ये दहावी आली. करिअरचा ग्राफ सरळ वर जातो, असं कुणी सांगितलं?

पुढे जमशेदपूर एफसीला त्याने 2024-25 मध्ये सेमीफायनलला नेलं. ऑगस्ट 2025 मध्ये भारताच्या टीमचं हेड कोचपद मिळालं. 2012 मध्ये पायउतार झालेल्या सावियो मडेरांनंतर पहिल्यांदाच हे पद पूर्ण वेळ भारतीयाकडे आलं. पहिल्याच स्पर्धेत, मध्य आशियातल्या नेशन्स कपमध्ये, ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून भारत तिसरा आला. कौतुक झालं. पुढच्याच महिन्यात मडगावला सिंगापूरकडून 1-2 अशी हार झाली, 2027 च्या एशियन कपचं दार बंद झालं आणि बोलणी सुरू झाली. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशकडूनही हार झाली.

ही सक्सेस स्टोरी आहे की नाही, मला ठरवता येत नाही. पण सोमवारी सकाळी ऑफिसात शिरताना ती मला आठवते. कारण आपल्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला पतंग नाही, आसारीच येते. ती नीट धरता येणं हीसुद्धा एक कला आहे, हे मान्य करायला आपण कधी शिकणार? यंदा संक्रांतीला घरी गेले, की दादाला हे ऐकवणार आहे!