नोबिता मराठीत कसा बोलेल?

आमचे घर बऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यात. एका बाजूला रावेर-जळगाव, दुसऱ्या बाजूला खंडवा. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, ही इथल्या मराठी कुटुंबांची जुनी रीत. शाळेत पुष्कळ वर्षे मराठी शिकवल्यामुळे या दोन भाषांमधली ये-जा मला नवी नाही. तरी गेल्या उन्हाळ्यात नातू गणिताची वही घेऊन आला आणि हात जोडून म्हणाला, "आजी, प्लीज, माझी मदद कर ना!" तेव्हा मी चमकले. 'मदद' हा शब्द बाजारातून घरात येतो हे ठाऊक होते. पण तो रडवेला सूर, तो लांबवलेला 'ना' बाजारातला नव्हता. तो नोबिताचा होता.

जपानी मुलगा, हिंदी आवाज आणि मराठी घर. नोबिताने कोणत्या भाषेत रडावे हे ठरवतो कोण? त्या दिवसापासून मी हे शोधू लागले.

जपानी चित्रमालिकांना तिकडे 'आनिमे' म्हणतात. अशा कृतीचा मालक सहसा एकटा नसतो. प्रकाशक, दूरचित्रवाहिनी, खेळणी करणारी कंपनी असे अनेक जण पैसे घालून मंडळ करतात. बाहेरच्या देशात कृती विकली जात नाही, तिचा परवाना दिला जातो. आपल्याकडे शेत खंडाने देतात, तसाच हा व्यवहार. शेत मालकाचेच राहते. कोणत्या तुकड्यात, कोणते पीक, किती हंगाम, एवढे ठरते. परवान्यातही प्रदेश, भाषा, माध्यम आणि मुदत लिहिलेली असते. चित्रपटगृहाचा हक्क वेगळा, वाहिनीचा वेगळा, घरी पाहायच्या डीव्हीडीचा वेगळा. जुन्या डीव्हीडीवर जगाचे विभागही पाडलेले असत: अमेरिका 1, जपान 2, भारत 5. एका विभागाची चकती दुसऱ्या विभागाच्या यंत्रावर सहसा चालत नसे. थोडक्यात, ज्या भाषेचे पीक कोणी मागितले नाही, त्या भाषेत ती कृती मुकी राहते.

परवाना घेणाऱ्याने काय करावे, याचा धडा इंग्रजीने महागात गिरवला. हायाओ मियाझाकी यांचा 'नौसिका' हा चित्रपट 1985 साली अमेरिकेत 'वॉरियर्स ऑफ द विंड' या नावाने आला. सुमारे 22 मिनिटे कापलेली होती आणि नायिकेचे नाव बदलून झांद्रा केले होते. पुढे मियाझाकींचा स्टुडिओ परदेशी वितरकांसमोर एकच अट ठेवू लागला: काटछाट नाही. 'प्रिन्सेस मोनोनोके' 1999 साली इंग्रजीत आला तो पूर्ण लांबीचा, आणि त्याचे इंग्रजी संवाद नील गेमन या नामवंत लेखकाकडून लिहून घेतले होते. डबिंग हे लेखकाचे काम आहे, हे तिथे मान्य झाले. आपल्याकडे हे अजून मानले जात नाही, असे मला वाटते.

प्रेक्षकांतही दोन तट होते. व्हिडिओ कॅसेटच्या काळात इंग्रजी आवाजाची कॅसेट वेगळी आणि जपानी आवाजाखाली इंग्रजी ओळी असलेली वेगळी मिळे. ही दुसरी बहुधा महाग असे. 1997 मध्ये अमेरिकेत डीव्हीडी आली. एकाच चकतीवर दोन्ही आवाज मावले आणि भांडणाचे एक कारण मिटले. (उरलेली अजून चालू आहेत.)

खुद्द डोरेमॉन अमेरिकी वाहिनीवर पोचला तो 2014 मध्ये. तिथे नोबिताचा 'नोबी' झाला, शिझुकाची 'सू', जियानचा 'बिग जी'. जेवणाच्या चॉपस्टिक्सच्या जागी काटे आले, येनच्या जागी डॉलर. आपल्या हिंदी आवृत्तीत मुलांची जपानी नावे तशीच राहिली. माझा नातू शिझुका हे नाव अडखळता उच्चारतो, आणि त्याचे काहीही बिघडत नाही.

आवाज बदलला की घरातली भाषा बदलते, हे मानणारी मी एकटी नाही. बांगलादेशात मुले हिंदी बोलू लागली ही तक्रार संसदेपर्यंत गेली आणि 2013 मध्ये हिंदी डोरेमॉनचे प्रसारण थांबवण्यात आले. मला बंदीत रस नाही; बंद केलेला टीव्ही कोणाला भाषा शिकवत नाही. मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे पाऊल: पुढच्याच वर्षी तिथे बांगला आवाजातला डोरेमॉन आला.

यावर कोणी म्हणेल, जपानी कृतीला भारतीय आवाज परकाच. तर 'रामायण: द लेजेंड ऑफ प्रिन्स राम' आठवावा. युगो साको आणि मुंबईचे ॲनिमेशनकार राम मोहन यांच्या सहकार्यातून झालेला हा 1992 चा जपानी-भारतीय चित्रपट. त्याचे मूळ संवाद इंग्रजीत. हिंदीत रामाला अरुण गोविल यांचा आवाज मिळाला, रावणाला अमरीश पुरी यांचा. पुढे अमेरिकेसाठी वेगळी इंग्रजी आवृत्ती झाली, तिच्यात राम झाले ब्रायन क्रॅन्स्टन. त्यातली संस्कृत गीते लिहिली वसंत देव यांनी, म्हणजे तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' हिंदीत नेणाऱ्या माणसाने. जानेवारी 2025 मध्ये हा चित्रपट भारतभर चित्रपटगृहांत लागला: हिंदी, तमिळ, तेलुगू आणि इंग्रजी. त्या यादीत मराठी नव्हती. मराठी माणूस हिंदी समजून घेतो, मग वेगळा खर्च कशाला, हा हिशेब व्यापाऱ्याच्या दृष्टीने चुकीचा म्हणता येत नाही. आपला समजूतदारपणाच इथे आपल्या भाषेच्या आड येतो.

पण भाषेच्या अंगाने पाहिले, तर जपानी संवाद मराठीत आणणे इंग्रजीत आणण्यापेक्षा काही बाबतींत सोपे असावे. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येते, मराठीतही शेवटी. पात्र एखादी बातमी सांगताना जिथे थांबते, तिथेच आपलेही वाक्य थांबते. इंग्रजीला ते फिरवून घ्यावे लागते. 'सेन्सेई' म्हटले की आपल्याकडे 'सर', 'बाई', 'गुरुजी' तयार आहेत. तू, तुम्ही, आपण या पायऱ्याही आहेत.

याची परीक्षा घ्यावी म्हणून मी शेजारच्या गल्लीतल्या पाच मुलांना घरी बोलावले. सगळी नववी-दहावीतली, मराठी घरांतली. प्रसंग निवडला माकोतो शिंकाई यांच्या 2016 च्या 'युअर नेम' या चित्रपटातला. खेड्यातली मित्सुहा आणि टोकियोतला ताकी यांचे देह आपसात बदलतात. ताकीच्या देहातली मित्सुहा उशिरा शाळेत पोचते आणि त्याच्या मित्रांसमोर 'मी' म्हणताना गडबडते. जपानीत 'मी'साठी अनेक शब्द. ती आधी 'वाताशी' म्हणते, मित्र चमकतात. मग फारच औपचारिक 'वाताकुशी', मग सभ्य मुलाचा 'बोकू', आणि शेवटी रांगडा 'ओरे'. तेव्हा कुठे मित्र मान डोलावतात.

इंग्रजीत 'मी' एकच, त्यामुळे ही गंमत तिथे शब्दाला शब्द देऊन साधत नाही. मराठीत? परवाना आमच्याकडे नव्हता, म्हणून चित्राला हात न लावता आम्ही फक्त ओळी कागदावर लिहिल्या आणि टाळीच्या ठेक्यावर म्हणून पाहिल्या. डबिंगमध्ये अर्थाइतकीच लांबी महत्त्वाची. पडद्यावरचे ओठ मिटल्यावर शब्द उरून चालत नाही.

पहिली पायरी एका मुलीने लगेच सोडवली. 'मी' बदलत नसला तरी क्रियापद बदलते: "मी चुकले." तीन ठेके, 'वाताशी'चेही तीन. दुसरीला मीच सुचवले: "आम्ही चुकलो," जुन्या सरदाराच्या थाटात. चार ठेके, 'वाताकुशी'लाही चार. तिसरीला "मी चुकलो". हे एका ठेक्याने लांबले, पण जलद म्हटले तर निभावते. चौथीपाशी आम्ही अडलो. 'ओरे'ला दोनच ठेके आणि त्यात पोरगेपणा हवा. मी 'आपण' म्हणून पाहिले. ते पुस्तकी वाटले, म्हणजे मित्सुहा पुन्हा वाताकुशीवर गेल्यासारखे.

मागे बसलेला एक मुलगा म्हणाला, "बाई, अपन?"

सगळे हसले. इतवाऱ्यातली मुले आपसात असेच बोलतात: अपन जाऊ, अपन खेळू. हिंदीच्या शेजारातून आलेला हा शब्द मी निबंधाच्या वह्यांमध्ये कितीदा लाल शाईने खोडला असेल! दोन ठेके, रांगडा, मुलांचा. पडद्यावरचा मित्र ज्यावर मान डोलावेल असा नेमका शब्द तोच होता.

आम्ही चारही ओळी मोबाइलवर मुद्रित केल्या, फक्त आमच्यापुरत्या. गल्लीतल्या पॉवरलूमची खटखट त्यात शिरली म्हणून दुपारी वीज गेल्यावर पुन्हा म्हटल्या. नातू शेजारी बसून ऐकत होता. पुढच्या रविवारी नोबिता घेऊ या, असे त्याने मोठ्या मुलांना सांगून ठेवले आहे, आणि 'मदद कर ना'च्या जागी काय म्हणायचे यावर आतापासूनच दोन मते आहेत.