बोटीचा हप्ता आणि समुद्रातलं कासव

कोळंबी तळाशी वावरते. म्हणून ट्रॉलर बोट पिशवीसारखं जाळं तळावरून ओढत नेते. या ट्रॉलरसाठी पैसा कुठून आला, याची एक गोष्ट ऐकण्याजोगी आहे.

१९५२ साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात एक करार झाला. केरळात कोल्लमजवळच्या नींदकरा आणि शक्तिकुळंगरा या गावांत काम सुरू झालं. हेतू चांगलाच होता. होड्यांना इंजिन मिळावं, कोळ्याच्या घरी चार पैसे यावेत, गावात आरोग्यकेंद्र आणि नळाचं पाणी यावं. पण पुढे अमेरिका-जपानच्या बाजारात कोळंबीला भाव आला आणि सगळा रोख ट्रॉलरकडे वळला.

आता बघा, हे जाळं कोळंबी तेवढी वेचत नाही. माशांची पिल्लं, खेकडे, समुद्री साप, सगळंच त्यात येतं. कासवाला तर श्वासासाठी वर यावं लागतं. जाळं काही तास पाण्याखाली राहिलं, की ते गुदमरतं. कर्जाच्या कागदावर मात्र दोनच रकाने, बोटी किती आणि माल किती. शिवाय हप्ता काही मासळीची वाट बघत नाही. मासळी घटली म्हणून बोट थांबत नाही, उलट आणखी लांब जाते, जाळं आणखी वेळ ओढते. माझ्या मते दुखणं इंजिनात नाही, इथे आहे.

पारंपरिक मच्छीमारांनी आंदोलनं केली, तेव्हा कुठे १९८८मध्ये केरळात पावसाळी ट्रॉलिंगबंदी आली. कासवासाठी उपाय तसा साधा आहे. जाळ्यात गजांची चौकट बसवायची. कोळंबी गजांमधून मागे जाते, कासव झडपेतून बाहेर पडतं. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं अशी चौकट तयारही केली. पण झडपेतून थोडी मासळी निसटते, आणि हप्ता डोक्यावर असलेल्या मालकाला तेवढीही जड वाटते. अखेर २०१९मध्ये अमेरिकेनं याच कारणावरून भारताची समुद्रातली कोळंबी घेणं थांबवलं. तळ्यात वाढवलेली मात्र चालते!

आपल्याकडे रत्नागिरी जिल्ह्यात वेळासचे गावकरी कासवाची अंडी जपतात, पिल्लं समुद्रात सोडतात. त्याच किनाऱ्यावर मच्छीमार सोसायट्यांना यांत्रिक बोटींसाठी राष्ट्रीय सहकार विकास निगमाची कर्जं मिळत आली आहेत.

मासेमारीच्या सरकारी अनुदानांवरचा जागतिक व्यापार संघटनेचा करार सप्टेंबर २०२५मध्ये लागू झाला. बेकायदा मासेमारीला आणि आधीच उपसून संपत आलेल्या मासळीसाठी अनुदान द्यायचं नाही, असं तो सांगतो. बोटींची संख्या आणि ताकद वाढवणाऱ्या पैशाचा प्रश्न मात्र त्यात पुढच्या वाटाघाटींवर सोडला आहे.