टॉवर दूर, फोन कानाशी

गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय घातला की चटका आधी कातडीला कळतो आणि पाय आपोआप मागे येतो. मायक्रोवेव्ह लहरींची ऊब तशी नाही. त्या एक-दोन सेंटिमीटर आत शिरतात, तिथल्या पाण्याच्या रेणूंना हलवतात आणि शरीर आतूनच तापवतात. ही उष्णता रक्त वाहून नेतं; पण डोळ्याच्या भिंगात रक्तवाहिन्याच नसतात. म्हणून लहरींचा मारा तीव्र असेल तर मोतीबिंदू होऊ शकतो. याबद्दल वाद नाही.

वाद आहे तो मोबाइलच्या क्षीण लहरींवरून. क्ष-किरणांसारखं डीएनए तोडण्याचं बळ त्यांच्यात नसतं. रेणूतून इलेक्ट्रॉन उडवायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या साधारण दहा लाखाव्या भागाइतकीच या लहरींच्या एका कणात असते. तरीही २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्यांना ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ असलेल्या गटात टाकलं. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात मोबाइल आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध दिसला नाही. मला हा आढावा अधिक वजनदार वाटतो, कारण त्यात अनेक वर्षांच्या साठहून जास्त अभ्यासांचा एकत्रित विचार आहे.

आपल्याकडे २०१० मध्ये आयआयटी मुंबईचे प्रा. गिरीश कुमार यांनी टॉवरच्या किरणोत्साराबद्दल दूरसंचार विभागाला अहवाल दिला आणि मुंबईत चर्चा पेटली. १ सप्टेंबर २०१२ पासून सरकारने टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दशांशावर आणली. ९०० मेगाहर्ट्झला ती चौरस मीटरमागे ०.४५ वॉट ठरली. हँडसेटसाठी शरीराच्या किलोमागे १.६ वॉट हा निकष आला.

गावोगावी भांडण मात्र टॉवरशीच होतं. अंतर दुप्पट झालं की लहरींची तीव्रता चौथाईवर येते, त्यामुळे शंभर मीटरवरच्या टॉवरपेक्षा कानाला टेकलेला फोन डोक्याला कितीतरी जास्त ऊर्जा देतो. शिवाय टॉवर जितका लांब, तितका फोन जोर लावून लहरी सोडतो. डोंगराआड, रेंजची एकच कांडी दिसत असताना लांबलेला कॉल म्हणूनच सर्वांत जास्त मारा करतो. टॉवर हटवून हा मारा कमी होत नाही, उलट वाढू शकतो.

तेव्हा रेंज कमी असेल तर बोलणं आवरा, नाहीतर स्पीकर किंवा इअरफोन लावा. टॉवरबद्दल शंका असेल, तर ग्रामपंचायतीने विरोधाचा ठराव करण्याआधी दूरसंचार विभागाकडे मोजणीची मागणी करावी.