घराण्यात मधुमेह असला म्हणजे काय?

‘आमच्या घराण्यातच शुगर आहे, ती चुकणार थोडीच!’ असे म्हणून काही जण पथ्याचा नाद सोडतात. ‘आमच्याकडे कुणालाच नाही’ म्हणून काही जण तपासणीच करत नाहीत. दोघेही मधुमेहाचा सगळा हिशेब रक्ताच्या नात्यावर टाकून मोकळे होतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत, तर आणखी १३ कोटी ६० लाख लोक पूर्वमधुमेहाच्या, म्हणजे साखर वाढलेली पण मधुमेहाइतकी नसलेल्या, टप्प्यावर आहेत. इतक्या मोठ्या आकड्याचे कारण एकट्या आनुवंशिकतेत सापडत नाही. दोन-तीन पिढ्यांत माणसाची जनुके बदलत नाहीत, राहणीमान मात्र पार बदलते.

वारशात काय येते?

एकाच जनुकातल्या दोषामुळे होणारा मधुमेह असतो, पण तो दुर्मीळ. नेहमी दिसणाऱ्या टाइप २ मधुमेहामागे शेकडो जनुकीय फरक असतात आणि त्यांतल्या बहुतेकांचा वाटा अगदी किरकोळ. त्यातल्या त्यात जोरकस फरक टीसीएफ७एल२ या जनुकात आढळतो. आइसलँडमधल्या संशोधकांनी तो २००६ मध्ये जाहीर केला. पुढे पुण्यातल्या रुग्णांमध्येही त्याचा मधुमेहाशी असलेला संबंध दिसला. जेवणानंतर साखर वाढते तेव्हा स्वादुपिंडाने पुरेसे इन्सुलिन सोडायला हवे. या फरकामुळे तिथे कमतरता राहते. तरीही तो असलेल्या अनेकांना मधुमेह कधीच होत नाही.

शिवाय आईवडिलांकडून मुलांना फक्त जनुके मिळत नाहीत. ताटात काय आणि किती वाढायचे, रात्री किती वाजता जेवायचे, चालत जायचे की गाडी काढायची, हेही घरातूनच येते. म्हणून ‘घराण्यातला’ मधुमेह काही अंशी स्वयंपाकघरातलाही असतो.

जनुके सारखी, राहणी वेगळी

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात आणि सीमेपलीकडे मेक्सिकोच्या डोंगराळ भागात पिमा हे आदिवासी राहतात. दोन्ही गटांचे मूळ एकच. मेक्सिकोतले पिमा शेतात राबत, साधे अन्न खात. ॲरिझोनातल्यांच्या वाट्याला बैठे जीवन आणि बाजारातले अन्न आले. २००६ मधल्या तुलनेत ॲरिझोनातल्या ३८ टक्के प्रौढ पिमांना मधुमेह होता, तर मेक्सिकोत सुमारे ७ टक्क्यांना.

आईच्या पोटातली सुरुवात

जनुके आणि राहणी यांच्यामध्ये आणखी एक टप्पा असतो, तो गर्भावस्थेचा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि त्यांची मुले यांचा अभ्यास करत आले आहेत. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो होते. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पुण्याची बाळे बारीक खरी, पण त्यांच्यात कमी पडले होते ते मुख्यतः स्नायू. त्वचेखालची चरबी त्या मानाने बरीच टिकून होती. भारतीयांना तुलनेने कमी वजनातही मधुमेह का गाठतो, याचा एक धागा इथे मिळतो. गरोदरपणात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा घेणाऱ्या मातांची बाळे आकाराने मोठी होती, हेही याच अभ्यासात दिसले.

जनुकाचा जोर ओसरतो तेव्हा

पूर्वमधुमेह असलेल्यांवर अमेरिकेत एक मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. वजन सात टक्के घटवणे आणि आठवड्याला दीडशे मिनिटे व्यायाम, एवढेच ध्येय दिलेल्या गटात मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध घेणाऱ्या गटात ३१ टक्क्यांनी. चेन्नईतल्या चाचणीत, फारसे वजन न घटताही, आहार-व्यायामाने धोका सुमारे २८ टक्क्यांनी उतरला.

अमेरिकी चाचणीतल्या लोकांची जनुके तपासल्यावर महत्त्वाची गोष्ट कळली. टीसीएफ७एल२चा धोकादायक प्रकार आई आणि वडील दोघांकडून आलेल्यांना, उपचाराविना, इतरांपेक्षा सुमारे ८० टक्के अधिक धोका होता. राहणी बदललेल्या गटात मात्र हा फरक जवळजवळ पुसला गेला. म्हणजे जनुक आणि राहणी यांची नुसती बेरीज होत नाही. राहणी बदलली की त्या जनुकाला तेवढा वाव उरत नाही.

घरात मधुमेह असेल तर

- आई, वडील किंवा भावंडांना मधुमेह असल्यास त्रास होण्याची वाट न पाहता तपासणी करून घ्यावी. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ मिलिग्रॅम (प्रति डेसिलीटर) किंवा एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी, ५.७ ते ६.४ टक्के हा पूर्वमधुमेह.
- वजनकाट्यावर विसंबू नये. पोटाचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा.
- चालण्याबरोबर स्नायूंचा व्यायामही करावा. रक्तातली साखर सर्वाधिक वापरतात ते स्नायूच.
- ताटात भात-पोळी आवरून उसळ, डाळ, भाजी वाढवावी.
- पथ्य एकट्या रुग्णाचे न ठेवता घराचे ठेवावे. आज आईवडिलांसाठी बदललेले जेवण उद्या मुलांच्याही उपयोगी पडेल, कारण त्यांच्यातही तीच जनुके आहेत.