एक तांडा, तीन दाखले

बंजारा हिल्स हे नाव हैदराबादेत कोणाला ठाऊक नाही? आज तेथे श्रीमंतांचे बंगले आहेत. नाव मात्र बंजाऱ्यांचे. यांनाच आपण लमाण, तेलुगू लोक लंबाडी व कन्नड लोक लंबाणी म्हणतात. बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून देशभर फिरणे हा त्यांचा पूर्वापार धंदा. आगगाडी आली आणि तो बुडाला. आता पोटासाठी तांडा सोडणाऱ्यास कोणत्या अडचणी येतात, ते येथे थोडक्यात सांगतो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले. मराठवाडा मुंबई राज्यात, तेलंगणा आंध्र प्रदेशात, आणि बीदर, गुलबर्गा व रायचूर म्हैसूर राज्यात गेले. तांडे होते तेथेच राहिले. सोयरे मात्र तीन राज्यांत वाटले गेले. पुढे १९७६ च्या कायद्याने तेलंगणातील लंबाडी अनुसूचित जमातीत आले आणि कर्नाटकाच्या या भागातील लंबाणी अनुसूचित जातीत. महाराष्ट्रात ते विमुक्त जातीत मोडतात. बोली एक, देव एक, रोटीबेटी एक. दाखले मात्र तीन!

माझे गाव देगलूरकडचे आणि आजोळ बीदरकडचे, त्यामुळे हा घोळ मी जवळून पाहिला आहे. नांदेडकडचा बंजारा मजुरीसाठी हैदराबादेत आला, तर शेजारच्या लंबाड्याची सवलत त्याच्या मुलाला मिळत नाही. इकडचा लंबाडी पुण्यात गेला, तर त्याचीही तीच गत. राज्यघटनेच्या ३४१ व ३४२ या कलमांनुसार याद्या राज्यवार आहेत. आंध्रातून मुंबईस गेलेल्या एका आदिवासी विद्यार्थ्याच्या वैद्यकीय प्रवेशाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली हेच सांगितले. प्रत्येक राज्यातील मागासलेपण वेगळे, आणि स्थानिकांचा वाटा बाहेरच्यांनी घेऊ नये, हा त्यामागील विचार. तो अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही. परंतु गाव सोडल्याने गरिबी सुटत नाही. उलट घरी गोरबोली, शाळेत मराठी आणि येथे तेलुगू पाट्या, अशी मुलाची तिहेरी ओढाताण होते.

तरीही केंद्र सरकारच्या नोकरीसाठी मूळ राज्यातील वर्गवारी धरली जाते. म्हणून वडिलांचा जुना दाखला जपून ठेवणे फार महत्त्वाचे. आपल्या महाविद्यालयात मराठी आणि कन्नड दोन्ही जाणणारे पुष्कळ आहेत. अशा एखाद्या विद्यार्थ्याचा अर्ज वाचून, समजावून, भरून देणे एवढे तरी आपल्या हाती खासच आहे.