रिकामी फाइल आणि नसलेली फाइल

मागच्या व्याख्यानात आपण पॅच वाचायला शिकलो. गेलेल्या ओळीपुढे उणे, नव्या ओळीपुढे अधिक. आज एकच प्रश्न घेऊ: अख्खी फाइलच काढून टाकली, तर पॅचमध्ये ते कसं लिहायचं?

आपल्याला वाटेल, सगळ्या ओळींपुढे उणे लावलं की झालं. पण तेवढ्यावरून फाइल रिकामी झाली की नाहीशी झाली, हे कळत नाही. वही कोरी असणं वेगळं आणि वहीच नसणं वेगळं. कित्येक प्रोग्रॅम तर अमुक फाइल आहे की नाही, एवढंच पाहून आपलं वागणं ठरवतात.

जुन्या डिफने यासाठी तारखेचा आधार घेतला. दोन फोल्डरांची तुलना करताना एका बाजूला फाइल नसेल, तर तिथे युनिक्सच्या कालगणनेचा आरंभ छापला जातो: १ जानेवारी १९७०. भारतीय वेळेवर लावलेल्या संगणकावर तो पहाटे साडेपाचचा दिसतो. ती चुकीची तारीख नव्हे. 'इथे फाइल नाही' अशी ती खूण आहे.

गिट तारखेवर विसंबत नाही. ते शीर्षभागात 'डिलीटेड फाइल मोड' अशी ओळच लिहितं. इंडेक्सच्या ओळीत नव्या बाजूला नुसती शून्यं येतात. तीन अधिक चिन्हांपुढे नव्या फाइलच्या नावाऐवजी 'डेव्ह-नल' येतं. मग सगळा जुना मजकूर, उणे चिन्हांसह. काढलेली फाइल आधीच रिकामी असेल, तर उणे लावायला ओळच नसते. तिथे सारी भिस्त शीर्षभागावर.

जी फाइल टाकायचीच आहे, तिचा मजकूर पाठवायचा कशाला? कारणं दोन. पॅच लावताना गिट तो मजकूर समोरच्या फाइलशी ताडून पाहतं. मधल्या काळात कुणी तिच्यात भर घातली असेल, तर पॅच लागत नाही आणि त्या माणसाचं काम वाचतं. दुसरं, तोच पॅच उलटा लावला की फाइल परत मिळते.

मजकूर गाळून पॅच आटोपशीर करणारा पर्यायही गिटमध्ये आहे. त्याचं नाव 'इर्रिव्हर्सिबल डिलीट', म्हणजे न उलटणारं. असा पॅच फक्त वाचण्यासाठी असतो, लावण्यासाठी नाही. तेव्हा पॅच पुढे पाठवताना आपण आधी शीर्षभाग पाहायचा, मग उणे ओळी.